ज्यू बालवाडीतला वसंत: मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेत न्यू जर्सी असो की बे एरिया, बऱ्याच मराठी घरांतली मुलं ज्यू कम्युनिटी सेंटरच्या (सगळे जेसीसीच म्हणतात) किंवा सिनेगॉगला (ज्यू प्रार्थनामंदिराला) जोडलेल्या बालवाडीत जातात. शाळा घराजवळ असते, अंगण मोठं असतं, शिक्षिका मायेनं वागतात, म्हणून नाव घातलेलं असतं. मग फेब्रुवारी उजाडतो आणि दप्तरातून रोज नवी सूचना येऊ लागते: उद्या वेष करून या, परवापासून डब्यात पोळी नको, शुक्रवारी पांढरे कपडे. मी अशाच एका बालवाडीत मदतनीस म्हणून काम करते. मराठी आईबाबा मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हे सुटे सुटे सण नाहीत. झाडांच्या वाढदिवसाला पेरलेलं बी पेसाखच्या ताटात येतं आणि पेसाखच्या दुसऱ्या रात्रीपासून मोजायला घेतलेले दिवस गव्हाच्या कापणीपाशी संपतात. मूल या सगळ्यात हातानं, जिभेनं आणि नाकानं शिरतं. अर्थ मागाहून येतो.

कोणते सण, आणि साधारण कधी?

तू बिश्वात म्हणजे झाडांचं नवं वर्ष. मग पुरीम, पेसाख (मराठी बायबलमधला वल्हांडण), इस्राएलचा स्वातंत्र्यदिन, लाग बाओमेर आणि शेवटी शावुओत. २०२६ मध्ये पुरीम ३ मार्चला होता आणि पेसाख १ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला. २०२७ मध्ये तू बिश्वात २३ जानेवारीला, पुरीम २३ मार्चला, पेसाख २१ एप्रिलच्या संध्याकाळी, लाग बाओमेर २५ मे रोजी आणि शावुओत १० जूनच्या संध्याकाळी आहे. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे कॅलेंडरवर छापलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीच घरोघरी सण लागलेला असतो.

तारखा इतक्या पुढेमागे का होतात?

कारण पंचांग चांद्र आहे आणि ते ऋतूंशी जुळवून घेतलेलं आहे. आपल्याकडे अधिक महिना येतो तसा त्यांच्याकडे १९ वर्षांत ७ वेळा जादा अदार महिना येतो. पेसाख वसंतातच आला पाहिजे, ही तोराची (ज्यू धर्मग्रंथाची) आज्ञाच आहे, म्हणून हा खटाटोप. पुरीम आणि पेसाख दोन्ही पौर्णिमेच्या आसपास येतात. पेसाखचा महिना नीसान, आणि तोरात तो महिन्यांमधला पहिला मानला आहे. २०२५ मध्ये नीसानची पहिली तारीख ३० मार्चला आली, त्याच दिवशी गुढीपाडवा होता. २०२६ मध्येही दोन्ही १९ मार्चलाच आले. वर्गातल्या पंचांगाच्या तक्त्यावर मुलांना हे दाखवलं की त्यांना फार गंमत वाटते.

मुलीनं मातीनं भरलेला कप घरी आणलाय. याचं काय करायचं?

खिडकीत ठेवा, पाणी घाला आणि धीर धरा. तू बिश्वातला बहुतेक बालवाड्यांमध्ये पार्सली पेरतात. इस्राएलमध्ये या सुमाराला बदाम फुलतो आणि शाळकरी मुलं रोपं लावायला बाहेर पडतात. न्यू जर्सीत त्या वेळी अंगणात बर्फ असतो, म्हणून मग कपातली शेती. पार्सलीचं बी हट्टी असतं, कधी कधी तीन आठवडे वर डोकंच काढत नाही. चार वर्षांच्या मुलाला ही वाट पाहणं अवघड जातं आणि म्हणूनच ते मोलाचं आहे. मधल्या काळात बी बदलून तयार रोप आणून ठेवू नका, मुलांना कळतं. तू बिश्वात ते पेसाख साधारण दोन महिने मिळतात, अधिक महिन्याच्या वर्षी तीन. तेवढ्यात चार पानं येतातच आणि तीच सेदरच्या (पेसाखच्या रात्रीच्या जेवणाच्या) ताटात कार्पास म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून खायची असतात.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांसाठी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, हा दिवस खास आहे. ते तो एलियाहू हनबीचा (एलिया संदेष्ट्याचा) उरूस म्हणून पाळतात, पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर आणि फळं घालून मलिदा करतात आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात. वर्गात झाडांची फळं चाखण्याचा कार्यक्रम असेल, तर शिक्षिकेला हे जरूर सांगा. अमेरिकेतल्या पुष्कळ ज्यू शिक्षिकांना मराठी बोलणारे ज्यू आहेत हेच ठाऊक नसतं आणि ऐकल्यावर त्या हरखून जातात.

पुरीमला वेष करायचा म्हणजे एस्तेर किंवा मर्दखयच व्हायला हवं का?

नाही. एस्तेर राणी आणि मर्दखय ही पुरीमच्या गोष्टीतली पात्रं, पण वर्गात एक-दोन राण्या असतात, बाकी सगळे डायनोसॉर, अग्निशमन दलाचे जवान आणि फुलपाखरं. नऊवारी नेसून आलेली मुलगी किंवा फेटा बांधलेला मावळा अगदी चालतो. फक्त तलवार घरी ठेवा, खेळण्यातलं शस्त्र बहुतेक शाळांत चालत नाही. चेहरा झाकणारा मुखवटाही नको. दोन वर्षांची मुलं ओळखीचा चेहरा दिसेनासा झाला की घाबरतात.

गोष्टीत एक माणूस सगळ्या ज्यूंना मारायला निघतो. हे एवढ्या लहान मुलांना सांगतात?

सांगतात, पण वयाला झेपेल तेवढंच. हामान हा राजाचा गर्विष्ठ मंत्री. सगळ्यांनी माझ्यापुढे वाकलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मर्दखय वाकत नाही, हामान चिडतो आणि मर्दखयच्या सगळ्या लोकांचं, म्हणजे ज्यूंचं, वाईट करायचं ठरवतो. एस्तेर राणी घाबरलेली असते, तरी राजासमोर जाऊन खरं बोलते. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट इथे थांबते. फाशीचा खांब आणि शेवटची लढाई मोठेपणी पुस्तकात वाचायला मिळते.

मुलांचं खरं काम असतं ते हामानचं नाव आलं की खुळखुळे वाजवून ते बुडवून टाकायचं. एरवी शांत बसा म्हणणारे मोठे लोक आज आवाज करा म्हणतात, हा आनंद त्यांना वर्षभर पुरतो. मोठ्या आवाजाचा त्रास होणारं मूल असेल तर आधी कळवा. आम्ही कानावर लावायला हेडफोन ठेवतो आणि काही मुलं खुळखुळ्याऐवजी पाय आपटतात.

आणि हो, एस्तेरच्या पुस्तकातल्या पहिल्याच वचनात आपला देश आहे. अहश्वेरोश राजाचे १२७ प्रांत हिंदुस्थानापासून आफ्रिकेतल्या कूशपर्यंत पसरलेले होते, असं तिथे म्हटलं आहे. वर्गात जगाचा नकाशा असेल तर तुमच्या मुलाला बोट ठेवायला एक छान जागा मिळते.

पुरीम म्हणजे ज्यू होळी का?

गोष्ट वेगळी, कारण वेगळं. पण पौर्णिमा बहुधा तीच असते. २०२५ मध्ये पुरीम आणि धुळवड दोन्ही १४ मार्चला आले होते. कोकणातल्या बेने इस्राएलांच्या तोंडी पुरीमचं जुनं नावच 'होळीचा सण' असं होतं.

खाऊची पिशवी द्यायची आहे. घरच्या करंज्या पाठवू का?

मनापासून वाटतं की हो म्हणावं, पण बहुतेक शाळांत नाही म्हणावं लागतं. मिश्लोआख मानोत म्हणजे पुरीमला एकमेकांना पाठवायचा खाऊ, निदान दोन प्रकारचा. कोशर (ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम) पाळणाऱ्या घरात दुसऱ्या स्वयंपाकघरातला पदार्थ चालत नाही. म्हणून बंद पाकिटं, त्यांवर कोशरची खूण (वर्तुळातला इंग्रजी यू ही सर्वांत ओळखीची), किंवा मग अख्खी, न कापलेली फळं. संत्रं आणि मनुकांची छोटी डबी एवढंही पुरतं. शेंगदाणे, काजू, बदाम टाळा, जवळजवळ सगळ्या बालवाड्यांमध्ये त्यांना बंदी असते. गरजूंना दान देणं हाही पुरीमचाच भाग, म्हणून वर्गातल्या त्झेदाकाच्या डब्यात टाकायला मुलाच्या हातात एखादं नाणं द्या.

वर्गात मुलं हामानताशेन करतात: गोल लाटी, मध्ये जॅम किंवा खसखशीचं सारण, तीन बाजूंनी मुडपून त्रिकोण. करंजीला मुरड घालायला बसलेलं मूल यात पटकन तरबेज होतं. पिठात अंडं असतं. तुमच्याकडे चालत नसेल तर आधी सांगा, मुलाला वेगळी लाटी देता येते.

पेसाखच्या आधी डब्यात नेमकं काय चालत नाही?

सगळ्यात जास्त फोन याचे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गहू, बार्ली, स्पेल्ट, राय आणि ओट ही पाच धान्यं पाण्याशी आली आणि फुगली की ती हमेत्झ होतात. पेसाखच्या दिवसांत ती खायची नाहीत, एवढंच नव्हे तर जवळ ठेवायचीही नाहीत. इस्राएलमध्ये सण सात दिवसांचा, बाहेर बहुतेक ठिकाणी आठ. शाळेची साफसफाई आधीपासून सुरू होते, म्हणून एकेक वर्ग बंद करत सणाआधी काही दिवस डब्यातूनही हे पदार्थ काढायला सांगतात. म्हणजे पोळी नाही, ब्रेड नाही, बिस्किट नाही, शेवया नाहीत, रव्याचा शिरा आणि उपमा नाही.

मग भात? इथे दोन परंपरा आहेत. युरोपातून आलेले आश्केनाझी ज्यू पेसाखमध्ये तांदूळ, डाळी, मका, मोहरी हेही टाळत आले. यांना कित्नियोत म्हणतात. सेफार्दी (मूळच्या स्पेनकडच्या) घरांतल्या अनेकांमध्ये आणि आपल्या बेने इस्राएलांत भात चालतो. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मपंडितांनी २०१५ मध्ये कित्नियोतला परवानगी दिली, तरी बऱ्याच शाळा जुनाच नियम ठेवतात. शाळेला एकच प्रश्न विचारा: कित्नियोत चालतं का? चालत असेल तर वरणभातानं आठवडा निघतो.

नसेल तर आपला उपवासाचा फराळ आठवा, मात्र डोळे उघडे ठेवून. बटाटा, रताळं, फळं, दही, पनीर, उकडलेलं अंडं हे निर्धोक. साबुदाणा कंदापासून होतो, पण खिचडीत शेंगदाण्याचं कूट नको. भगर म्हणजे बारीक धान्य, आश्केनाझी नियमात ती कित्नियोत ठरते. राजगिऱ्याबद्दल शाळेला विचारूनच पाठवा. एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात येत नाही: डबीतला हिंग. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. त्या दिवसांत बटाट्याच्या भाजीला हिंग घालू नका.

बाकी वर्षभराचा नियम सोपा आहे. पुष्कळ शाळा घरच्या डब्यात मांस आणू देत नाहीत, दूधदुभतं आणि भाज्या चालतात. शाकाहारी घरांना काहीच बदलावं लागत नाही. मासे खाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पर आणि खवले असलेला मासा कोशर, कोळंबी आणि खेकडा नाही.

वर्गातलं सेदर म्हणजे काय? आम्ही काय करायचं असतं?

या! सुट्टी काढून या. वर्षातला सगळ्यात सुंदर दिवस हाच, असं माझं मत आहे.

सेदर म्हणजे पेसाखच्या रात्रीचं जेवण, पण ते गोष्टीसाठी मांडलेलं जेवण आहे. मिसरमध्ये गुलाम असलेले पूर्वज मोशेच्या मागून बाहेर कसे पडले, हे दर वर्षी घरात पुन्हा सांगायचं असतं, आणि सुरुवात करायची असते घरातल्या सगळ्यात लहान मुलानं. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असं ते विचारतं, आणि मोठी माणसं उत्तर द्यायला बांधलेली असतात. ताटात ज्या चमत्कारिक गोष्टी असतात, त्यांचा एक हेतू मुलानं 'हे काय?' विचारावं हाच असतो. हिरवी पार्सली, खारं पाणी, कडू हॉर्सरॅडिश (लहानांसाठी लेट्यूसचं पान), अंडं आणि कोकराचं भाजलेलं हाड. शाकाहारी ताटात हाडाऐवजी बीट ठेवतात आणि त्याला आधार थेट तालमूद या जुन्या धर्मग्रंथात आहे. विटांच्या गाऱ्याची आठवण म्हणून हारोसेत: आश्केनाझी घरात सफरचंद, अक्रोड आणि दालचिनीचं, बेने इस्राएल घरात खजुराचं. बालवाडीत अक्रोड वगळतात.

वर्गात मुलं आठवडाभर तयारी करतात. मात्झाचं (न फुगवलेल्या पोळीचं) पीठ पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आत भट्टीतून बाहेर यायला हवं, म्हणून भिंतीवर घड्याळ लावून सगळे लाटायला बसतात. पोळपाट-लाटणं घरी रोज पाहिलेली मराठी मुलं इथे पुढे असतात. टॉर्च घेऊन वर्गात हमेत्झचे तुकडे शोधतात (घरी हेच मेणबत्ती आणि पिसानं करतात), मानिश्तानाचे चार प्रश्न हिब्रूत पाठ करतात, अफिकोमन म्हणजे लपवलेला मात्झाचा तुकडा शोधतात आणि एलियाहूसाठी दार उघडतात. वाइनऐवजी द्राक्षरस असतो. तुम्ही लहान खुर्चीत बसायचं, जे पुढ्यात येईल ते चाखायचं आणि मूल प्रश्न म्हणत असताना फोन खाली ठेवायचा.

मराठी वाचकांसाठी एक अभिमानाची गोष्ट: या रात्रीचं पुस्तक, हग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये छापलं गेलं, आणि पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या आवृत्तीतल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा करताना दिसतात. त्या पानाचा फोटो मिळाला तर सेदरला घेऊन या. वर्गाच्या भिंतीवर त्याला नक्की जागा मिळेल.

दहा अरिष्टांचं काय? मुलगा रात्री बेडकांविषयी बोलत होता.

गुलामांना सोडावं म्हणून देवानं मिसरवर आणलेली दहा संकटं, त्यातलं एक बेडकांचं. बेडूक मुलांना आवडतात, प्लास्टिकचे बेडूक वर्गभर उड्या मारतात. दहावं अरिष्ट, थोरल्या मुलांचा मृत्यू, बालवाडीत आम्ही सांगत नाही. 'फारो (मिसरचा राजा) शेवटी हो म्हणाला' एवढंच. मोठ्या भावंडांकडून कळलं आणि मूल घाबरलं, तर गप्प बसवू नका. ती फार जुनी आणि दुःखाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच सेदरला प्रत्येक अरिष्टाचं नाव घेताना पेल्यातला एक थेंब काढतात, हे सांगा. दुसऱ्याच्या दुःखानं आपला आनंद थोडा कमी होतो, हे मुलाला कळतं.

शाळा किती दिवस बंद?

पेसाखचे पहिले दोन आणि शेवटचे दोन दिवस जवळजवळ सगळीकडे, पुष्कळ ठिकाणी पूर्ण आठवडा. शावुओतला एक किंवा दोन दिवस. वार्षिक वेळापत्रक ऑगस्टमध्येच मिळतं, रजा तेव्हाच टाकून ठेवा.

दारात रोज एक कागद चिकटवतात, ४९ चौकोन आहेत. ते काय?

ओमेरची मोजणी. पेसाखच्या दुसऱ्या रात्रीपासून सात आठवडे, बार्लीच्या कापणीपासून गव्हाच्या कापणीपर्यंत. आमच्यासाठी हा गणिताचा खजिना आहे: मुलं मणी ओवतात, गव्हाचे दाणे मोजतात, वाटीत गहू पेरून रोज त्याची उंची मापतात. घटस्थापनेचं धान मुलाला माहीत असेल तर ते सांगायला लावा.

होलोकॉस्टबद्दल एवढ्या लहान मुलांना सांगतात का?

अमेरिकेतल्या बालवाड्यांत बहुतेक ठिकाणी नाही. त्याचा स्मृतिदिन पेसाखनंतर थोड्याच दिवसांत येतो. शिक्षिका त्या दिवशी थोड्या शांत दिसतील. नमस्कार करा, कामाचं बोलणं दुसऱ्या दिवशी करा.

इस्राएलच्या स्वातंत्र्यदिनी काय असतं?

निळे-पांढरे कपडे, पिटा आणि हम्मस, खुर्च्यांच्या रांगा लावून केलेलं विमान आणि कागदी पासपोर्ट. १४ मे १९४८ ची आठवण हिब्रू तारखेनं, म्हणजे ५ इय्यारच्या सुमारास. राजकारण या वयात वर्गात येत नाही. तुमच्या मनात काही असेल तर संचालिकेशी सरळ बोला, दारातल्या गर्दीत नको. अश्दोद, दिमोना, लोद इथे मराठी बोलणारी बेने इस्राएल कुटुंबं राहतात, हे या दिवशी वर्गात सांगण्यासारखं आहे.

लाग बाओमेर?

ओमेरचा ३३ वा दिवस. इस्राएलमध्ये शेकोट्या पेटतात, आमच्याकडे कागदी शेकोटी, डबापार्टी आणि धावण्याच्या शर्यती. काही घरांत मुलग्याचे केस तीन वर्षांचा होईपर्यंत कापत नाहीत आणि पहिल्यांदा याच दिवशी कापतात. आपल्या जावळाची आठवण येईलच. टोपी आणि सनस्क्रीन पाठवा.

आमचं मूल हिब्रू प्रार्थना म्हणतं. ते धर्म बदलेल, अशी आजीला काळजी वाटते.

आजींना सांगा, ज्यू धर्म दुसऱ्यांना आपल्यात ओढत नाही. धर्मांतर करू इच्छिणाऱ्या मोठ्या माणसालाही त्यासाठी बराच काळ अभ्यास करावा लागतो. जेसीसीच्या बालवाड्या सगळ्या धर्मांच्या मुलांना घेतात. मूल जे म्हणतं ती बहुतेक जेवणाआधीची आणि शुक्रवारच्या शब्बातची (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची) आशीर्वचनं असतात: मेणबत्त्या, द्राक्षरस, हल्ला नावाची वेणीदार ब्रेड. तुम्हाला मुलानं किप्पा (ज्यूंची छोटी टोपी) घालू नये किंवा ही आशीर्वचनं म्हणू नयेत असं वाटत असेल, तर ते सांगायला संकोचू नका. मात्र मूल घरी वदनी कवळ घेता आणि शाळेत हामोत्झी (ब्रेडवरचं आशीर्वचन) म्हणत असेल तर त्याच्या मनात काही गोंधळ नसतो, हे मी रोज पाहते.

गुढीपाडवा वर्गात करता येईल का?

बहुधा हो. पेसाखच्या तयारीत वर्ग बुडालेला असतो, म्हणून आधी वेळ मागा. गुढीची गोष्ट सांगा, कडुलिंबाचं पान हुंगायला द्या. साखरेच्या गाठी चाखायला द्यायच्या असतील तर कोशरबद्दल विचारा. देवपूजा टाळून ऋतू आणि नवं वर्ष यावर भर दिलात तर कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

शावुओतला पांढरे कपडे आणि फुलं का मागवली आहेत?

मोजणी संपते तो हा दिवस. सीनाय पर्वतावर तोरा मिळाली त्याची आठवण, आणि पहिली फळं मंदिरात नेण्याचा जुना सण. इस्राएलच्या बालवाड्यांत मुलं पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर फुलांची मुंडावळ घालून, फळांच्या टोपल्या घेऊन येतात, तेच इथे केलं जातं. तुमच्या हातचा गजरा चालेल, टाचणी न लावता दोऱ्यात ओवलेला. खायला दुधाचे पदार्थ: चीजकेक आणि पनीरसारख्या चीजनं भरलेले ब्लिंत्झ. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी वेगळा खाऊ आदल्या दिवशी शिक्षिकेकडे द्या, त्यावर नाव लिहून. बहुतेक बालवाड्यांचं वर्ष याच्या आसपास संपतं, म्हणून कपाटातले जादा कपडे, पावसाळी बूट आणि गव्हाची वाटी त्याच दिवशी घरी न्यायला पिशवी आणा.